पोटातली पंगत

गेल्या महिन्यात मुरबाडला आमच्या जुन्या वसतिगृहाचा मेळावा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी तिथे गृहपती होतो, म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली. मग एका माजी विद्यार्थ्याने भाषणात शहापूरच्या डॉक्टरांची गोष्ट काढली. "आमच्या वेळी एक डॉक्टर होते. ते म्हणायचे, पोटात जंतू पाळा. आम्हा पोरांना त्यांनी आंबलेली पेज पाजली. शेवटी गुरुजींनी शिस्तीत प्रयोग करून दाखवला, आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं की आपलं चुकलं." लोक हसले. काहींनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. ही गोष्ट निघाली की हसायची मला इतक्या वर्षांत सवय झाली आहे.

डॉक्टर हरले, एवढं खरं. कसे हरले, हे त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं. ते लिहायचं तर आधी डॉक्टर कसे होते ते सांगायला हवं, कारण त्या भाषणातले डॉक्टर मी कधी पाहिले नाहीत.

ते उंच आणि किडकिडीत होते. ऊन असो, पाऊस असो, डोक्यावर एकच खाकी टोपी. नेमणूक शहापूरच्या दवाखान्यात, पण पंधरवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी मुरबाडला येत. येत ते सायकलवरून. आदल्या दिवशी निघायचं, वाटेत किन्हवलीला मुक्काम करायचा, सकाळी मुरबाड. लोक म्हणत, डॉक्टर, कल्याणवरून मोटारीने या की. तेव्हा मुरबाडची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून ढकलावी लागे. डॉक्टर म्हणत, "ढकलायचंच असेल तर सायकल हलकी पडते." सायकलच्या मागे एक लाकडी पेटी बांधलेली असे. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यात त्यांचा मायक्रोस्कोप होता.

रोग्याचं नाव ते शेवटी विचारत. पहिला प्रश्न ठरलेला. "काल काय खाल्लंत?"

"डॉक्टर, ताप आलाय."

"येऊ दे. काल काय खाल्लंत?"

"भात."

"कुठला? गिरणीचा की घरी कांडलेला? बरोबर काय? सकाळी काय? नुसतं भात म्हणू नका, भात तर सगळेच म्हणतात."

एवढं झाल्यावर ते जीभ बघत. उजेडाकडे तोंड करवून, खाली वाकून, सोनार नग बघतो तशी. जिभेचा रंग, कडा, ओठांचे कोपरे. त्यांचं म्हणणं असं की माणूस कालच्या जेवणाबद्दल खोटं बोलेल, जीभ बोलणार नाही.

याचा परिणाम असा झाला की शहापुरातली लहान मुलं डॉक्टर दिसले की नमस्कार करण्याऐवजी जीभ बाहेर काढून उभी राहत. डॉक्टर सायकल न थांबवता बघत जात. "छान. छान. तू उद्या दवाखान्यात ये." एकदा नवे मामलेदार गावात आले आणि डॉक्टर त्यांना पेठ दाखवत पायी निघाले. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून सगळ्या पोरांनी जिभा काढल्या. मामलेदार लाल झाले. "ही काय रीत आहे इथली?" डॉक्टरांना त्यांच्या रागाचं कारणच कळलं नाही. ते म्हणाले, "नाही, इथल्या जिभा चांगल्या आहेत. तुमची बघू?"

मामलेदारांनी दाखवली नाही. पुढे वर्षभर ते डॉक्टरांशी फक्त चपराश्यामार्फत बोलत, असं शहापुरात सांगतात.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी दोन पिंजरे टांगले होते. प्रत्येकात एक कबूतर. एकाला गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ, दुसऱ्याला उखळात कांडलेला तांबूस. काही आठवड्यांनी पांढऱ्या तांदळाच्या कबुतराची मान मागे वळली, इतकी की ते आकाशाकडे बघत लोळू लागलं. बायका म्हणाल्या, बाहेरचं झालं. डॉक्टरांनी तांदळाचा कोंडा पाण्यात भिजवून, गाळून त्याच्या चोचीत घातला. संध्याकाळपर्यंत कबूतर पायांवर उभं राहिलं. ते बघायला अर्धं शहापूर लोटलं, आणि त्या गर्दीत तांदळाच्या गिरणीचे शेठही होते. हे शेठ आमच्या वसतिगृहाच्या कमिटीवर होते. मुलांचा तांदूळ त्यांच्याकडून येई, पांढरा, पाखडायचीही गरज नसलेला.

शेठ म्हणाले, "डॉक्टर, माझ्या गिऱ्हाइकांना पंख नाहीत."

"म्हणून तर त्यांचं दुखणं लवकर दिसत नाही, शेठ. कबूतर पडलेलं कळतं."

"मग काय, गिरणी बंद करू?"

"नको. कोंडा फेकू नका. कोंड्यात काहीतरी आहे. काय आहे, तेच बघायचंय."

'तेच बघायचंय' हे त्यांचं पालुपद. ज्याला आज आपण 'ब' जीवनसत्त्व म्हणतो त्याला ते नुसतं 'बी' म्हणत, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. "तुमच्या घरी बी येतं का?" असं त्यांनी एका बाईला विचारलं तेव्हा तिने कोण पाहुणा म्हणून विचारलं होतं.

पण कबुतरांनी त्यांचं समाधान होत नव्हतं. मुरबाडच्या बाजारात एक ठाकूर आदिवासी बाई लाकडाची मोळी घेऊन येई. सोनीबाई तिचं नाव. तिच्याबरोबर तिची दोन मुलं असत. घरात भाजी नाही, दूध नाही, डाळ सणाला. डॉक्टरांनी त्या मुलांच्या जिभा बघितल्या आणि तिथेच मातीत बसले. "या जिभा अशा कशा?" त्यांनी मला बोलावून दाखवलं. मला त्यात काहीच दिसलं नाही. "तेच ना," ते म्हणाले, "काहीच नाही. एक चीर नाही. का नाही?"

सोनीबाईला विचारलं, काल काय खाल्लंत?

"काय खानार दादा? सकाली नागलीची आंबील, मग भात असला तर भात, नायतर रातच्याला परत आंबील."

पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांच्या सांगण्यावरून आंबिलीचा एक तांब्या आणला. शिजवून गार केलेली नाचणीची पेज मडक्यात आंबवलेली. डॉक्टरांनी बाजारातच पेटी उघडली, काचेवर थेंब ठेवला, आरसा उन्हाकडे फिरवला आणि सोनीबाईला एक डोळा मिटायला लावला. ती बराच वेळ बघत राहिली.

"दादा, ह्ये काय काड्या काड्या?"

"ही तुमच्या मडक्यातली माणसं."

"जित्ती हायेत?"

"जिवंत आहेत. मडक्यात आहेत, तुमच्या पोटात त्यांचे भाऊबंद आहेत. माझ्याही आहेत. आपण एकटे जेवत नाही, बाई. आपण जेवायला बसलो की पोटात पंगत बसते."

सोनीबाईने डोळा बाजूला घेतला. "येवढी वर्सं आमी ह्यांला फुकट पोसतो? कामाला तरी येतात का मेले?"

आजूबाजूचे हसले. डॉक्टर हसले नाहीत. "येत असतील. जेवणात नसलेलं बी हेच तुम्हाला करून देत असतील. देतात का, तेच बघायचंय."

त्याच पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात हगवणीची साथ आली. मुलं आडवी पडली. डॉक्टर भर पावसात सायकल हातात धरून चिखलातून आले. नवीन निघालेल्या, जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या त्यांनी कुठून मिळवल्या कोण जाणे, पण त्या दिल्यावर एकही मूल दगावलं नाही. मुलांचे बाप येऊन त्यांच्या पाया पडून गेले.

मग काही आठवड्यांनी मुलांची तोंडं आली. ओठांचे कोपरे फाटले, जिभा मिरचीसारख्या लाल. आमटी तोंडात घेतली की मुलं रडत. डॉक्टर प्रत्येकाची जीभ बघत सगळ्या ओळीतून गेले आणि म्हणाले, दिवाळीला घरी जाऊ द्या, मग बघू.

दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परत आली ती बरी होऊन. पंधरा दिवसांत पुन्हा तीच गत. मी म्हटलं, घरी कांडलेला तांदूळ असतो, इथे गिरणीचा, तुमच्या कबुतरांचंच झालं हे. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी प्रत्येक मुलाला विचारून ठेवलं होतं. कित्येकांच्या घरीही आता गिरणीचा तांदूळ पोचला होता. तरी ती बरी झाली. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी होती. सकाळची आंबील.

"मास्तर," ते म्हणाले. मी शिक्षक नव्हतो, पण ते मला मास्तरच म्हणत. "तांदळातलं बी गिरणीने काढलं. पोटातली पंगत माझ्या गोळ्यांनी उठवली. दोन्हीकडून पोरं उपाशी. असं असेल का?"

"असेलही."

"असेलही म्हणून चालणार नाही. बघायला हवं."

त्यांनी बेत सांगितला. शेठचा तांदूळ तसाच चालू ठेवायचा. जेवणघरात मुलं दोन ओळींत बसत, भिंतीकडची आणि खिडकीकडची. दोन्ही ओळींना रोज सकाळी नाचणीची पेज द्यायची, पीठ तेच, माप तेच. फरक एवढाच की भिंतीकडच्या ओळीला ताजी शिजवलेली आणि खिडकीकडच्या ओळीला सोनीबाईच्या मडक्यात आंबवलेली. "पिठाने बरी व्हायची असतील तर दोन्ही ओळी बऱ्या होतील. पंगतीने व्हायची असतील तर एकच होईल." लहान मुलाला पतंग मिळावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला आजही तो चेहरा आठवतो.

सोनीबाई डोक्यावर मडकं घेऊन वसतिगृहाच्या दारात आली. "गुरुजी, मडका घासायचा नाय. कवाच नाय. सगला काढून संपवायचा नाय. तळाला ठेवायचा, त्याच्यावर नवी पेज गार करून वतायची. माझ्या सासूच्या हातचा हाय तो." डॉक्टर शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मग सोनीबाई बाजाराकडे गेली आणि डॉक्टर सायकलवर बसून शहापूरला.

मडकं ओसरीवर राहिलं. आचारी बाहेर आला आणि दोन पावलं मागे सरला. "हे माझ्या चुलीपाशी येणार नाही, गुरुजी. ठाकराच्या घरचं, आणि वर न घासलेलं. कमिटीला कळलं तर तुम्हीही जाल आणि मीही." मडक्याच्या काठावर जुनं, काळपट साय धरल्यासारखं काहीतरी होतं. मला शिसारी आली. हे आचाऱ्यावर ढकलायला सोपं आहे, पण शिसारी मला आली होती. मी गृहपती होतो. स्वच्छता हाच माझा लौकिक होता. माझ्या वसतिगृहात पाण्याचा हंडासुद्धा राखेने घासल्याशिवाय भरला जात नसे.

मी आचाऱ्याला म्हटलं, मागे केळीपाशी ओत. रिकामं मडकं सोनीबाईला परत द्यायला कोपऱ्यात ठेव. बाजारातून नवं आणून घे.

"आणि आंबट कशाने करायची?"

"चिंच आहे ना."

आंबट ते आंबट, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं. चिंच घातलेली पेज त्या नव्या मडक्यात गेली, रोज सकाळी खिडकीकडच्या ओळीला वाढली गेली आणि मडकं रोज उकळत्या पाण्याने घासलं गेलं. दोन्ही ओळी तीच मेलेली पेज पीत होत्या. फक्त एकीत चिंच होती.

पहिल्याच दिवशी खिडकीकडच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी आंबील आसते, पन ही तशी नाय लागत."

दुसरा म्हणाला, "गप रं. फुकटची हाय, पी."

"ही चिंचेची कढी हाय."

मी म्हटलं, "जेवताना बोलायचं नाही." पोरांनी ती पिऊन टाकली. ज्याने मेळाव्यात भाषण केलं, तो त्याच ओळीत बसत असे. त्याला ती चव आता आठवत नाही.

डॉक्टर येत ते जेवणं आटोपल्यावर. मडकं तोवर आत झाकून ठेवलेलं असे. मी त्यांच्यासाठी एक बाटली भरून ठेवी. शहापूरला पोचेपर्यंत उन्हात ती बाटली आपोआप आंबून जाई. पुढच्या खेपेला ते खुशीत सांगत, "मास्तर, पंगत जोरात आहे. काचेवर नुसती गर्दी." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आंबट ते आंबट नसतं, हे त्यांच्या त्या वाक्यावरून मला कळलं. तेव्हाच बोललो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता आलं असतं. ते रागावलेही नसते. म्हणाले असते, अरे वा, मग चिंचेचंही बघून झालं. पण मला कमिटीपुढे दोनदा दोषी ठरायचं नव्हतं. एकदा ठाकराचं मडकं घेतलं म्हणून, आणि एकदा ओतलं म्हणून.

महिना झाला, दुसरा झाला. दोन्ही ओळींची तोंडं सारखीच. थोडी बरी, थोडी फाटकी. डॉक्टरांनी दोन्ही ओळी उजेडात उभ्या केल्या, भिंतीकडून सुरुवात करून खिडकीकडे गेले, मग उलट आले. कमिटीची मंडळी बघायला जमली होती. डॉक्टरांनी टोपी काढली.

"सारख्याच आहेत," ते म्हणाले. "माझं चुकलं. पिठाचा थोडा उपयोग दिसतो. मडक्याचा काही नाही."

शेठ म्हणाले, "म्हणजे पंगत उठली म्हणा."

"बसलीच नव्हती, शेठ." ते हसून म्हणाले. चूक कबूल करताना हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. "मग त्या बाईची मुलं कशाने चांगली आहेत?" असं ते स्वतःशीच पुटपुटले.

कमिटीने ठराव केला की असले प्रकार पुन्हा होऊ नयेत, आणि गृहपतींच्या शिस्तीची नोंद घेतली.

त्यापुढचं मला सगळ्यात जास्त टोचतं. डॉक्टर घरी बसले नाहीत. ज्या ज्या पाड्यावर त्यांनी आंबिलीची स्तुती केली होती, तिथे तिथे ते सायकल घेऊन गेले आणि सांगून आले की मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं. कुणी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. सोनीबाईकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो, तिचं रिकामं मडकं परत द्यायला.

"बाई, मडक्यात काही नाही. आम्ही करून बघितलं."

सोनीबाईने मडक्यात हात घालून बघितलं. आतून कोरडं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे नाही.

"असंल दादा," ती म्हणाली. "तुमच्यात नसंल काय. आमच्यात हाय." आणि आत जाऊन तिने दुसऱ्या मडक्यातून आम्हाला दोघांना आंबील दिली. डॉक्टर प्यायले. मी तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला.

माझी नात औषधांचं शिकते. मी तिला नाव न घेता हे सगळं विचारलं. ती म्हणाली, आजोबा, आतड्यातले जंतू काही जीवनसत्त्वं करतात हे आता पुस्तकात असतं. जंतू मारणाऱ्या गोळ्यांनी तेही कमी होतात. आणि जेवणात जे जातं त्यावर कुठले जंतू वाढायचे ते ठरतं. पण त्यांनी केलेल्यातलं आपल्याला किती मिळतं, ते नक्की सांगता येत नाही, अजून बघतायत. ती 'अजून बघतायत' म्हणाली तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो.

म्हणजे मी असं म्हणत नाही की डॉक्टर बरोबर होते. सोनीबाईचं मडकं खरंच चालवलं असतं तर खिडकीकडची ओळ बरी झाली असती की नाही, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि ते माझ्यामुळे. कदाचित आंबवल्याने पिठातलंच काही मोकळं होत असेल. कदाचित काहीच झालं नसतं. त्यांचं उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं. पण ती चूक त्यांची स्वतःची असायला हवी होती. ते माझी चूक आपली समजून गावोगाव कबूल करत हिंडले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. सामान बैलगाडीतून आसनगाव स्टेशनला निघालं. पेटी मांडीवर, कबुतरांचे पिंजरे पायाशी. मी निरोप द्यायला मुद्दाम शहापूरला गेलो होतो, मनाशी ठरवून, की आज सांगायचं. पेठेतून गाडी निघाली तशी दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर मुलं उभी राहिली आणि सगळ्यांनी जिभा काढल्या. डॉक्टर दोन्हीकडे बघत होते. "छान. छान. दवाखान्यात नवीन डॉक्टर येतील, त्यांना दाखव."

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर आम्ही दोघेच. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या मडक्याबद्दल..."

"त्याचं मनावर घेऊ नका, मास्तर. तुम्ही शिस्तीने केलंत म्हणून निदान कळलं तरी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला वाटत राहिलं असतं की काहीतरी गडबड झाली."

गाडीचा धूर दिसू लागला. त्यांनी पेटी उचलली, परत खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"तुमची कधी बघितलीच नाही. दाखवा."

मी तोंड उघडलं. त्यांनी खांद्याला धरून मला उजेडाकडे फिरवलं आणि खाली वाकून नीट बघितलं. घाई न करता, कडा, टोक, ओठांचे दोन्ही कोपरे. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"निरोगी आहे," ते म्हणाले. "काल काय खाल्लंत?"